बाक बदलले की भूमिका बदलते

सरकारच्या धोरणांवरून देशात भांडणे होतात, ही तक्रारीची बाब नव्हे. भांडणे थांबली तर मात्र काळजी करावी. माझी तक्रार वेगळी आहे. अलीकडे ही भांडणे अशा वळणावर येऊन ठेपली आहेत की, निर्णय काय आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. तो कोणाच्या सरकारने घेतला एवढे कळले की पुढचा युक्तिवाद आपोआप ठरतो. समर्थकाला त्यात दूरदृष्टी दिसते, विरोधकाला कारस्थान. उद्या सरकार बदलले तर हेच दोन युक्तिवाद, शब्दांचाही फारसा फेरफार न करता, एकमेकांच्या तोंडी जातील. या अदलाबदलीत एक प्रश्न मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही : हा निर्णय झाला कसा? तो कोणाला विचारून, किती वेळ घेऊन, कोणाच्या हरकती ऐकून झाला?

या प्रश्नाचे ताजे उदाहरण डिसेंबर २०२५ मधले आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेणारे, ‘व्हीबी-जी राम जी’ या नावाने ओळखले जाणारे विधेयक १६ डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले. १८ तारखेला लोकसभेने ते संमत केले आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, राज्यसभेनेही मान्यता दिली. २१ डिसेंबरला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. वीस वर्षे देशभरच्या खेड्यांत राबविला गेलेला कायदा आठवडाभरात इतिहासजमा झाला. सभागृहात चर्चा झाली नाही, असे म्हणता येणार नाही. लोकसभेत ती रात्री उशिरापर्यंत चालली. पण विधेयक समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही, आणि शेवट घोषणा, फाडलेले कागद आणि आवाजी मतदान यांनी झाला.

त्यानंतरचा वाद कसा रंगला, हे वाचकांना ठाऊक आहे. एका बाजूने सांगितले गेले की, शंभर दिवसांच्या जागी आता १२५ दिवसांची हमी आहे, मग ओरड कसली? दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की, गांधीजींचे नाव पुसण्यासाठीच हा खटाटोप आहे. मला हे दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. गांधीजींचे नाव या कायद्याला २००९ मध्ये जोडले गेले. त्यापूर्वी तो नावाशिवायही चालत होताच. आणि १२५ हा आकडा कितीही मोठा दिसला तरी त्याच्या मागे पैसा कोणाचा, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर होता, साहित्याच्या खर्चापैकी पाऊण हिस्साही केंद्राचा होता. नव्या व्यवस्थेत बहुतेक राज्यांना चाळीस टक्के वाटा उचलायचा आहे, राज्यनिहाय तरतूद केंद्र ठरविणार आहे आणि तिच्यापलीकडचा खर्च राज्यांच्या माथी आहे. शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभाही त्यात आहे.

यातल्या प्रत्येक तरतुदीच्या बाजूने बोलता येते. हंगामात मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. राज्यांनी खर्चाचा वाटा उचलला तर कामांवर त्यांची नजर राहील, हा मुद्दाही टाकाऊ नाही. पण ज्या राज्यांच्या तिजोरीतून चाळीस टक्के जायचे आहेत त्यांच्या अर्थसचिवांना बोलावून, समितीच्या टेबलावर बसवून, ‘तुम्हाला हे पेलेल का?’ असे कोणी विचारले? तीन दिवसांत ते विचारणे शक्यच नव्हते.

वीस वर्षांपूर्वीचे आठ महिने

आता याच कायद्याच्या जन्माकडे वळू. रोजगार हमीची मुळे महाराष्ट्रात आहेत, हे मराठी वाचकांना सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून ती योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे ही सरकारची मेहेरबानी नसून मजुराचा हक्क आहे, ही कल्पना या राज्याने देशाला दिली.

ती दिल्लीत पोचायला पंचवीस वर्षे लागली. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने २१ डिसेंबर २००४ रोजी राष्ट्रीय विधेयक मांडले तेव्हा त्यातली हमी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती मर्यादित होती. विधेयक ग्रामीण विकास खात्याच्या स्थायी समितीकडे गेले. तिचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याण सिंह. बाबरी मशीद पडली तेव्हा उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असलेले, काँग्रेस आणि डाव्यांच्या दृष्टीने सर्वाधिक वादग्रस्त नेत्यांपैकी एक. तरीही त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दारिद्र्यरेषेची अट काढून टाकण्याची शिफारस केली आणि अखेरच्या कायद्यात ग्रामीण भागातल्या कोणत्याही कुटुंबाला काम मागण्याचा अधिकार मिळाला. लोकसभेने २३ ऑगस्ट २००५ रोजी विधेयक संमत केले. मांडण्यापासून मंजुरीपर्यंत आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांनी काय कमावले, ते पुढच्या दहा वर्षांत दिसले. २०१४ मध्ये सत्तापालट झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत ही योजना म्हणजे काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक आहे, अशा आशयाची टीका केली. पण कायदा रद्द केला नाही. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, याच ‘स्मारका’वर केंद्राने एक लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च केले आणि शहरांतून पायी परतलेल्या असंख्य मजुरांच्या चुली त्यावर पेटल्या. जो कायदा विरोधी पक्षाच्या नेत्याच्या समितीतून तावूनसुलाखून निघाला होता, तो त्या पक्षाचे सरकार आल्यावरही टिकला. हा योगायोग आहे, असे मला वाटत नाही. ज्या कायद्याच्या घडणीत विरोधकाचा हात असतो त्याला निव्वळ परका म्हणून झिडकारणे विरोधकालाही जड जाते.

अदलाबदलीचा इतिहास

काँग्रेसचे राज्य म्हणजे सद्वर्तन आणि भाजपचे म्हणजे मनमानी, असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. तसे सांगणे हीच ती अदलाबदलीची खेळी होईल.

किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्याचा निर्णय मनमोहन सिंग सरकारने २०१२ मध्ये घेतला, तेव्हा भाजपने देशभर रान उठविले. छोटा दुकानदार मरेल, असे सांगितले. सत्तेवर आल्यानंतर मात्र धोरणाच्या कागदावरून ती तरतूद भाजपने पुसली नाही. वस्तू व सेवा कराला गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या भाजप सरकारांचा विरोध होता; पुढे त्याच पक्षाने संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मध्यरात्री समारंभ करून तो कर लागू केला. काँग्रेसची गोष्ट निराळी नाही. २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समित्यांचा कायदा रद्द करून शेतमालाचा व्यापार निर्बंधमुक्त करण्याचे आश्वासन या पक्षाने दिले होते. केंद्रीय कृषिमंत्री असताना शरद पवार यांनी बाजार समिती कायद्यांत बदल करण्याचा आग्रह मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून धरला होता. २०२० मध्ये भाजप सरकारने त्याच दिशेचे कायदे आणले, तेव्हा दोन्ही पक्ष विरोधात उभे राहिले.

संसदीय आचरणाबाबतही तेच. २०१० चे संपूर्ण हिवाळी अधिवेशन टू-जी घोटाळ्याच्या चौकशीसाठी संयुक्त समिती हवी म्हणून भाजपने चालू दिले नाही. कामकाज रोखणे हेदेखील लोकशाहीतले वैध शस्त्र आहे, असे त्या वेळी अरुण जेटली आणि सुषमा स्वराज यांच्यासारखे उत्तम संसदपटू सांगत होते. आज विरोधी बाकांवरून घोषणा सुरू झाल्या की त्याच पक्षाचे मंत्री लोकशाहीच्या अपमानाची आठवण करून देतात. आणि तेव्हा संसदेच्या वाया गेलेल्या तासांचा हिशेब मांडणारे काँग्रेसचे नेते आज हौद्यात उतरतात.

राजकीय पक्षांनी परिस्थितीनुसार भूमिका बदलणे हा गुन्हा नव्हे. सरकार चालविताना जे कळते ते विरोधात बसून कळत नाही. अडचण अशी की, धोरणाबरोबर नियमांविषयीची भूमिकाही बदलते. करकपातीविषयी मत बदलले तर बिघडत नाही. पण मतविभाजनाची मागणी झाली तर मते मोजावीत की नाही, याविषयीचे मतही आपण कोणत्या बाकावर बसलो आहोत यावर ठरू लागले, तर खेळाला पंचच उरत नाही.

शेतजमीन आणि शेतमाल : दोन कायद्यांची गोष्ट

नियम पाळल्याने आणि मोडल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो, हे पाहायचे तर शेतीशी निगडित दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत.

पहिले भूसंपादनाचे. इंग्रजांच्या काळातला १८९४ चा कायदा बदलण्यासाठी संयुक्त पुरोगामी आघाडीने सप्टेंबर २०११ मध्ये विधेयक आणले. ते स्थायी समितीकडे गेले. अध्यक्ष होत्या भाजपच्या सुमित्रा महाजन. समितीचा अहवाल आला, सर्वपक्षीय बैठका झाल्या, भाजपने सुचविलेल्या काही सुधारणा सरकारने मान्य केल्या आणि दोन वर्षांनी, ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ मध्ये, भाजपच्या पाठिंब्यानिशी कायदा संमत झाला. खासगी प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, भागीदारी प्रकल्पासाठी सत्तर टक्के. शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास हवा.

नव्या सरकारला या अटी जाचक वाटल्या. तसे वाटण्याचा त्याला अधिकार होता. उद्योगांची आणि अनेक राज्यांचीही तीच तक्रार होती. पण मार्ग निवडला तो वटहुकमाचा. ३१ डिसेंबर २०१४ ला पहिला, एप्रिल २०१५ मध्ये दुसरा, मे अखेरीस तिसरा. दुसरा वटहुकूम काढता यावा म्हणून राज्यसभेचे सत्र मध्येच संस्थगित करण्यात आले. राज्यसभेत बहुमत नव्हते, मित्रपक्ष कुरकुरत होते आणि गावोगाव ‘जमीन हिरावणारे सरकार’ हा शिक्का बसत होता. अखेर ऑगस्ट अखेरीस तिसरा वटहुकूम आपोआप संपू देणे सरकारने पसंत केले. २०१३ चा कायदा केंद्राच्या पातळीवर तसाच राहिला.

दुसरे प्रकरण कृषी कायद्यांचे. ५ जून २०२० रोजी, करोनाची टाळेबंदी पुरती उठलेलीही नसताना, तीन वटहुकूम निघाले. बाजार समितीच्या आवाराबाहेर व्यापाराला मोकळीक, कंत्राटी शेतीची चौकट आणि साठ्यांवरच्या मर्यादांत शिथिलता असे त्यांचे स्वरूप होते. सप्टेंबरात त्यांची विधेयके आली. ती समितीकडे गेली नाहीत. १७ सप्टेंबरला केंद्रीय मंत्री हरसिमरत कौर बादल यांनी राजीनामा दिला. भाजपचा जुना मित्रपक्ष असलेल्या अकाली दलालाही विश्वासात घेतले गेले नव्हते, हे त्यातून उघड झाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभाजन मागितले. पीठासीन उपसभापतींनी ते दिले नाही. सदस्य आपापल्या जागी नव्हते, हौद्यात गोंधळ होता, असे कारण सांगण्यात आले. विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले.

गोंधळ होता, हे खरे. नियमपुस्तिका भिरकावणारे खासदारही देशाने पाहिले. पण गोंधळ शमेपर्यंत तासभर थांबून, किंवा दुसऱ्या दिवशी, मते मोजली असती तर काय बिघडले असते? सरकारकडे बहुमत होते, असा सरकारचा दावा होता. तसे असेल तर ते आकड्यांत दाखवून देण्याची संधी त्याने स्वतःच घालविली. ज्यांच्या जगण्यावर या कायद्यांचा परिणाम व्हायचा होता त्या पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याला एवढेच दिसले की, आपल्याला विचारले नाही आणि आपल्या बाजूने बोलणाऱ्यांची मतेही मोजली नाहीत. मग तो दिल्लीच्या वेशीवर येऊन बसला आणि वर्षभर उठला नाही.

पुढचे सर्वज्ञात आहे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि समिती नेमली. तीत महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. शरद जोशींच्या काळापासून ही संघटना शेतमालाच्या बाजाराचे स्वातंत्र्य मागत आली आहे. समितीने मार्चमध्ये बंद पाकिटात अहवाल दिला. तो वर्षभर पाकिटातच राहिला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून कायदे मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी, चर्चेविना, काही मिनिटांत ते रद्द केले. मार्च २०२२ मध्ये घनवटांनी अहवाल स्वतःहून जाहीर केला. समितीशी बोललेल्या संघटनांपैकी बहुसंख्यांचा कायद्यांना पाठिंबा असल्याचे त्यात नमूद होते; आंदोलक संघटना तर समितीपुढे आल्याच नव्हत्या. पण तोवर तो अहवाल वाचण्यात कोणाला रस उरला नव्हता.

कायदे ज्या घाईने आले त्याच घाईने गेले. येताना विरोधकाला बोलू दिले नाही, जाताना समर्थकाला. बाजारमुक्तीची बाजू मांडणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे नुकसान झाले आणि हमीभावाच्या कायदेशीर आधाराची मागणी करणाऱ्या पंजाबातल्या शेतकऱ्याच्या हातीही फारसे काही लागले नाही. लोकसभेत भाजपचे ३०३ सदस्य निवडून आलेले असताना हे घडले. बहुमताने कायदा करता येतो. तो टिकविण्यासाठी लोकांची संमतीही लागते, आणि ती मिळविण्याची ठरलेली रीत टाळली की ती रस्त्यावर वसूल केली जाते.

समितीत काय घडते

संसदेच्या स्थायी समित्या सामान्य वाचकाला कंटाळवाण्या वाटतात. त्यांची बैठक दूरचित्रवाणीवर दिसत नाही, तिथे कोणी टाळ्या वाजवीत नाही. नेमका तोच त्यांचा गुण आहे. पक्षांतरबंदीच्या तलवारीखाली सभागृहात पक्षादेशानुसार हात वर करावा लागतो. समितीत पक्षादेश चालत नाही. कॅमेरा नसल्यामुळे खासदाराला आपल्या मतदारांसाठी आवेश आणावा लागत नाही. सचिव, तज्ज्ञ, कामगार संघटना, उद्योजक यांना बोलावून प्रश्न विचारता येतात. असहमत सदस्याची भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडली जाते आणि कायमची नोंदली जाते.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदी सांगतात की, चौदाव्या लोकसभेत ६० टक्के आणि पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले आणि सतराव्या लोकसभेत १६ टक्क्यांवर. सतराव्या लोकसभेत आणखी एक गोष्ट घडली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९३ नुसार निवडावयाचे उपाध्यक्षपद पूर्ण पाच वर्षे रिकामे राहिले. त्याआधीच्या सोळाव्या लोकसभेत, म्हणजे याच सरकारच्या पहिल्या पर्वात, ते अण्णा द्रमुकच्या एम. थंबीदुराई यांच्याकडे होते. चौदाव्या लोकसभेत अकाली दलाकडे आणि पंधराव्यात भाजपकडे. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, आणि त्यांपैकी बहुतेक बाहेर असतानाच देशाचे तीन नवे फौजदारी कायदे संमत झाले.

यावर सरकारसमर्थकांचे उत्तर काय, ते मी जाणतो आणि ते झटकून टाकण्याजोगे नाही. समित्यांचे प्रमाण ७१ टक्के होते त्या काळात सरकारच ठप्प झाले होते, असे ते म्हणतात. महिला आरक्षणाचे विधेयक मार्च २०१० मध्ये राज्यसभेत संमत होऊन लोकसभेत विरून गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेच ध्येय दोन दिवसांत, जवळजवळ एकमताने गाठले गेले. जनतेने पाच वर्षांसाठी कौल दिला आहे, तो चर्चेत घालविण्यासाठी नव्हे. हे म्हणणे अर्धे खरे आहे. विलंब हा स्वतःहून गुण नाही. पण महिला आरक्षणाचे उदाहरणच पाहा : दोन दिवसांत संमत झालेली ती तरतूद जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेली होती, आणि हे बांधणे आवश्यक होते का, यावर पुरेशी खोल चर्चा त्या दोन दिवसांत झाली नाही. घाईने दिलेल्या वचनाची पूर्ती घाईने होतेच असे नाही.

उलट वस्तू व सेवा कराचे पाहा. राज्यसभेत सरकारचे बहुमत नव्हते म्हणून ते विधेयक प्रवर समितीकडे गेले, काँग्रेसच्या आग्रहावरून एक टक्का अतिरिक्त कराची तरतूद गळाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये २०३ विरुद्ध शून्य मतांनी घटनादुरुस्ती संमत झाली. त्या कराच्या अंमलबजावणीवर मी आजही टीका करीन. पण तो रद्द करा म्हणून दिल्लीची वेस कोणी अडविली नाही.

विरोधकांचा वाटा

विरोधी पक्षांनाही या प्रकरणात हात झटकता येणार नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गेली. लोकसभेत विरोधात मते पडली तीन. राज्यघटनेच्या गाभ्याशी निगडित असलेला बदल समितीकडे पाठविण्याचा आग्रह तेव्हा काँग्रेसला शेवटपर्यंत धरावासा वाटला नाही, कारण निवडणूक तोंडावर होती आणि विरोधात मत देण्याचे धाडस नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण विधेयक संमत झाले तेव्हा मणिपूरच्या प्रश्नावर संसद तापलेली होती. लोकसभेत घोषणा चालू होत्या. राज्यसभेतून विरोधक सभात्याग करून गेले होते. त्याच विधेयकाच्या एका कलमाने माहिती अधिकार कायद्यातली वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद बदलली. सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याची जी वाट त्या तरतुदीत होती ती तिथून काढली गेली. मणिपूरवर सरकारला जाब विचारणे कर्तव्यच होते. पण सभागृह सोडून गेलेल्या विरोधी पक्षाला आज माहिती अधिकाराच्या संकोचावर अश्रू ढाळताना पाहून, त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असे विचारावेसे वाटते.

विरोधकांच्या हाती असलेल्या राज्यांतही चित्र फारसे निराळे नाही. पश्चिम बंगालच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यासाठी कठोर शिक्षेचे ‘अपराजिता’ विधेयक मांडले त्याच दिवशी, एकमताने संमत केले. दिल्लीत घाईवर टीका करणारा तृणमूल काँग्रेस कोलकात्यात घाईलाच संवेदनशीलता म्हणत होता, आणि तिथला विरोधी भाजपही त्यात सामील होता.

आपण काय विचारावे

म्हणून मला वाटते की, वादग्रस्त सरकारविषयी मत बनविताना नागरिकाने स्वतःपुरती एक शिस्त लावून घ्यावी. निर्णय आवडला की नाही, हे ठरविण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मसुदा आधी लोकांपुढे ठेवला होता का? २०१४ च्या आरंभी केंद्राने स्वतःच ठरविलेल्या धोरणानुसार तो किमान तीस दिवस जाहीर असायला हवा. ज्यांच्यावर भार पडणार, त्यांना समितीपुढे बोलाविले होते का? आणि मते मोजली गेली का, म्हणजे माझ्या खासदाराने कोणत्या बाजूने हात वर केला हे मला कळेल का? हे तीन प्रश्न आवडत्या सरकारला विचारायला जड जातात. तिथेच त्यांचा कस लागतो. नावडत्या सरकारला ते विचारायला धैर्य लागत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर विरोधकांनी मतदानासह चर्चा मागितली होती. तो प्रशासकीय निर्णय होता, त्यावर मतदान घेण्याचे बंधन नव्हते, आणि आघाडी डळमळीत होती. तरी सरकारने मतदान घेतले. लोकसभेत २५३ विरुद्ध २१८, राज्यसभेत १२३ विरुद्ध १०९. सरकार जिंकले. त्यासाठी पडद्याआड काय सौदे झाले असतील, त्याविषयी भाबडे राहण्याचे कारण नाही. पण कोण कोणत्या बाजूला होते, ते आजही कागदावर आहे. २० सप्टेंबर २०२० चा असा कागद नाही.

रोजगार हमीच्या नव्या कायद्याविषयी माझे स्वतःचे मत प्रतिकूल आहे. ज्या राज्यांत मजूर सर्वाधिक गरजू आहेत त्यांच्याच तिजोऱ्या सर्वाधिक रित्या आहेत. चाळीस टक्के उभे करता आले नाहीत तर १२५ दिवसांची हमी कागदावर राहील, अशी मला भीती वाटते. माझी भीती चुकीची ठरली तर आनंदच आहे. पण ती चुकीची आहे, हे बिहारच्या किंवा झारखंडच्या अर्थखात्याने समितीपुढे आकडे ठेवून दाखविले असते, तर नव्या कायद्यालाच बळ आले असते, आणि उद्या सरकार बदलल्यावर तो गुंडाळण्याची मागणी करणाऱ्याची पंचाईत झाली असती.

२००५ च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचे एक कलम होते. गावात किती कामे झाली, किती हजेऱ्या लागल्या, किती पैसे गेले, याची ग्रामसभेने तपासणी करायची. हजेरीपत्रकातली नावे गावापुढे मोठ्याने वाचायची आणि ज्याची हरकत असेल त्याला उभे राहून बोलू द्यायचे. अनेक गावांत हे नीट झाले नाही, काही ठिकाणी सरपंचाच्या माणसांनी हरकत घेणाऱ्याला खाली बसविले. तरी शे-दीडशे माणसांच्या सभेनेही हिशेब उघडपणे तपासावा, अशी अपेक्षा त्या कायद्याने ठेवली होती. त्याची जागा दुसऱ्या कायद्याला देताना ५४३ जणांच्या सभागृहाकडून एवढीच अपेक्षा ठेवणे फार होते का?